पानिपत, आठ मिनिटांत

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला दिवाळीची सुट्टी गोड लागत नाही. तास नाही, तर पैसे नाहीत. नेट, सेट, पीएचडी सगळं पदरात पाडून मी इतिहास शिकवतो. वर्गात ‘सर’, पगारपत्रकात बेपत्ता. कायम जागेसाठी एकदा मुलाखत दिली. संस्थाचालकांनी प्रबंध उघडला नाही, वडिलांची जमीन बागायती की कोरडवाहू एवढंच विचारलं.

म्हणून ऑनलाइनकडे वळलो. यूजीसीच्या 2020 च्या नियमांनंतर चांगलं मानांकन असलेली विद्यापीठं घरबसल्या पदव्या देऊ लागली आहेत, आणि त्या शिकवायला कुणीतरी लागतंच. मुलाखतीत माझ्या जमिनीची चौकशी झाली नाही, इंटरनेटच्या वेगाची झाली. ही प्रगतीच म्हणायची. मग डेमो: पानिपत, आठ मिनिटांत. सदाशिवरावभाऊ मार्च 1760 मध्ये परतूरहून निघाले, ते पानिपतला पोचेपर्यंत दिवाळी आली होती. मी त्यांना दीड मिनिटात यमुनाकाठी नेऊन उभं केलं.

निवड झाली. मानधन मात्र मिनिटावर, तेही संपादन होऊन उरलेल्या. विश्वासरावांना गोळी लागते तिथे मी वर्षानुवर्षं थांबत आलोय; मागच्या बाकावरची पोरंसुद्धा तिथे मोबाइल खाली ठेवतात. संपादकाने ती शांतता कापली. ‘सर, डेड एअर आहे,’ म्हणाला. मेलेल्या विश्वासरावांचे पैसे बुडाले.

आईला वेगळीच काळजी. शर्ट इस्त्रीचा, खाली लुंगी आणि भिंतीकडे बघून एकटाच बोलतोय, हे तिने मावशीला फोनवर हळू आवाजात सांगितलं. मावशीने कुणा वैद्याचा पत्ता दिला.

खरी भीती पुढेच आहे. ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ 2017 मध्ये सुरू झालं आणि 2021 च्या नियमानुसार सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थी तिथून करू शकतो. एकदा रेकॉर्ड झालेला प्राध्यापक आजारी पडत नाही, मानधन मागत नाही, निवृत्तही होत नाही. उद्या माझ्या जागेवर कुणी बसलंच, तर तो मीच असेन, आठ मिनिटांचा.

परवा नवं काम आलं: 1857, चार मिनिटांत. लगेच होकार कळवला. मेरठचे शिपाई तरी एका रात्रीत दिल्लीला पोचले होते.