हात लावून पाहा

गणपतीपुळ्याला आलेली मंडळी मालगुंडात दोन कारणांनी येतात. गायवाडीच्या किनाऱ्यावर गर्दी कमी म्हणून, नाहीतर मुलांच्या मराठीच्या पुस्तकात केशवसुत आहेत म्हणून. कृष्णाजी केशव दामल्यांचं जन्मघर आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं स्मारक बघायचं, फोटो काढायचे आणि जेवायला कुठे मिळेल ते विचारायचं. गावाची याबद्दल काहीच तक्रार नव्हती. तिसरं आकर्षण हवं असं फक्त मला वाटलं.

त्याला कारण वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. १९८५ साली राजीव गांधींनी उद्घाटन केलेलं हे केंद्र बघायचा योग मला निवृत्तीनंतर आला. पुतण्याने नेलं. तिथे ज्याच्यापुढे उभं राहावं त्याला बटण, नाहीतर दांडा, नाहीतर चाक. दाबा, ओढा, फिरवा! माझी सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे गेली. 'आत हात घालू नये' ही पाटी माझ्या डोक्यावर असायची आणि ती मी इतरांना वाचूनही दाखवायचो. अशा माणसाला कुणी हात लावायचा आग्रह केला की तो बिघडतो. परतीच्या गाडीत, खेडच्या आसपास, मी जाहीर करून टाकलं: आपल्या माळ्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा अख्खा इतिहास धूळ खात पडलाय, त्याचं संग्रहालय करायचं. छोटंसंच. पण हात लावून बघायचं.

पुतण्या खिडकीबाहेरचे बोगदे मोजू लागला.

माळा उतरवला. व्हॉल्व्हचा लाकडी रेडिओ, चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर, काळा डायलचा फोन, झाकणं सरकवायचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, कॅसेटप्लेयर आणि पुतण्याने कॉलेजात असताना आणून टाकलेला, फ्लॉपी खाणारा कॉम्प्युटर. खाली आणल्यावर कळलं की यातलं माझं असं काहीच नाही. आमच्या सातबाऱ्यावर जितकी नावं, तितकीच रेडिओवर निघाली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकला मात्र, डोंबिवलीच्या चुलतभावाला त्याच्या वडिलांनी तो रेडिओ स्वतःच्या बोनसमधून घेतल्याचं आठवलं. पुण्याच्या भावाने ही चीज लाखाला जाईल असं लिहिलं. रत्नागिरीच्या आत्याने तर आपल्याला लग्नात मिळालेला रेडिओ माहेरी विसरला होता, एवढंच कळवलं. वाटणी होईपर्यंत तो प्रदर्शनात ठेवायला हरकत नाही, असं शेवटी ठरलं. आमच्याकडे वाटणी होईपर्यंत म्हणजे कायमचं.

रेडिओच्या मागे लायसनचं पुस्तक सापडलं. हल्लीच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण रेडिओ ऐकायला तेव्हा सरकारी परवाना लागायचा, १८८५च्या भारतीय तार कायद्याखाली. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. १९८०च्या दशकात ते बंद झालं. तोवर शेकडो लोकांना खिडकीतून या कायद्याचा धाक मी घातलेला आहे. पुस्तक उघडून बघतो तर आमच्याच रेडिओची मधली काही पानं कोरी. ते पुस्तक मी प्रदर्शनात ठेवलं नाही. संग्रहालयातली हात न लावण्याची ती एकमेव वस्तू.

मग भाषणाची तयारी केली. संग्रहालय म्हटलं की गाइड आला, आणि गाइड मीच. आमच्या कवीशी धागा जुळतोय हे लक्षात आल्यावर तर मला राहवेना. केशवसुत गेले १९०५ साली. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये जॉन फ्लेमिंगने काचेच्या दिव्यात जादा पत्रा बसवून पहिला व्हॉल्व्ह केला होता. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात ते पत्र्याकडे जातात, उलटे येत नाहीत. वीज एकाच दिशेने. १९०६मध्ये ली डी फॉरेस्टने मध्ये जाळी घातली आणि कुजबुजीची आरोळी करता येऊ लागली. त्याच १९०४ साली आपल्या जगदीशचंद्र बोसांना गॅलेना नावाच्या खनिजाच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट मिळालं, म्हणजे व्हॉल्व्हला पुढे हुसकावून लावणारा अर्धवाहकही तेव्हाच दारात उभा होता. १९४७च्या डिसेंबरात बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक या कॉम्प्युटरमध्ये मात्र तरीही २७०० व्हॉल्व्ह होते. आमच्या रेडिओत पाच. हे सगळं मी आरशासमोर म्हणून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माणसं सुट्टीवर येतात हो."

मे महिन्यात पडवीत टेबलं मांडली आणि फाटकाला पाटी लावली: 'इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास. हात लावून पाहा.' चार दिवस फक्त शेजारचा बोका हात लावून गेला. मग वहिनींनी त्याच फाटकाला 'सोलकढी मिळेल' अशी पाटी लावली आणि संग्रहालय धो धो चालू लागलं.

पहिलं कुटुंब साताऱ्याकडचं. चपला पायरीवर काढून, सारवलेल्या पडवीत अनवाणी रांगेत उभं. सोलकढी येईपर्यंत त्यांना दुसरा इलाज नव्हता. मी फ्लेमिंगपासून सुरुवात केली. डी फॉरेस्टपर्यंत आलो तेव्हा त्यांच्या धाकट्याने विचारलं, "आजोबा, हा लागतो का?" मी पिन घातली आणि बटण फिरवलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. डायलचा दिवा लागला. आतून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि कुटुंबातल्या बाईंना तो तानपुरा वाटला. मीही त्याला स्वर म्हणूनच सांगत होतो. मग फटाका वाजला, मागून पांढरा धूर निघाला आणि सडक्या माशाच्या पिंपात हात घातल्यासारखा वास पडवीभर झाला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. धाकटा म्हणाला, "परत करा ना!"

जाकादेवीहून मेस्त्री आणला. एकेकाळी पंचक्रोशीतले रेडिओ हातावर असलेला हा माणूस आता मिक्सर आणि पंखे करतो. त्याने आत डोकावून मला विचारलं, "सिरीजला न लावता डायरेक्ट दिलात?" मी मान डोलावली, कारण प्रश्न कळला नव्हता. तो म्हणाला, "मास्तर, इतकी वर्षं बंद पडलेला कंडेन्सर हा. आतल्या पत्र्यावरचा थर मरतो. एकदम करंट दिलात तर फुटणारच. अध्येमध्ये साधा बल्ब जोडायचा. सेटात शॉर्ट असला तर बल्ब पेटतो, सेट वाचतो." चाळीस वॅटच्या बल्बला जे कळतं ते मला कळत नव्हतं, हे त्याने तोंडाने म्हटलं नाही. कंडेन्सर बदलून झाल्यावर त्याने सेट उलटा केला आणि गप्प झाला.

हा सेट एसी-डीसी होता. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो; विजेची एक तार थेट आतल्या लोखंडी चासीला जोडलेली असते. बाहेर लाकडाची पेटी आणि प्लास्टिकची बटणं आहेत तोवर ठीक. आमच्याकडचं एक बटण कुठल्यातरी वाटणीत गेलेलं असल्यामुळे तिथे नुसता लोखंडी दांडा होता, आणि 'इथे हात लावून पाहा' म्हणून मी बाण काढला होता तो नेमका त्याच्याकडे. जुनी दोन पायांची पिन कशीही बसते. एका बाजूने घातली तर चासी न्यूट्रल, दुसऱ्या बाजूने घातली तर जिवंत. मेस्त्रीने दांड्याला रबरी नळी चढवली, बाण स्वतः पुसला आणि पिनेला लाल ठिपका देऊन सांगितलं, "ठिपका वर. आणि नवी पिन, नवा ट्रान्सफॉर्मर बसवेपर्यंत लोकांना लांब ठेवा."

लोकांना मी लांब ठेवलं. स्वतःला ठेवायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ठिपका वर आहे हे मी सर्वांना दाखवलं, रबरी नळी मेस्त्रीने किती छान बसवली ते नीट दिसावं म्हणून ती उपसून दाखवली, आणि घराच्या प्लगमधल्या ताराच कुणीतरी पूर्वी उलट्या जोडलेल्या आहेत हे इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासाने मला बोटातून कळवलं. मी अनवाणी, जमीन सारवलेली, दमट. केशवसुतांच्या गावात जन्म जाऊनही तुतारी म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. बोट सुटलं, मी खुर्चीवर बसलो, खुर्ची तिथे नव्हती. या वेळी टाळ्या मोठ्यांनीही वाजवल्या.

फोनच्या टेबलावर मात्र कधी अपघात झाला नाही. मुलं डायलच्या भोकात बोट घालून दाबत बसायची, फिरवायचं असतं हे त्यांना सुचायचंच नाही. नऊ फिरवला की नऊ ठोके, शून्याला दहा. तेवढे ठोके मोजून एक्स्चेंज नंबर ओळखायचं. हे मी सांगत असताना एक आजी पुढे आल्या आणि न बघता कुठलातरी मुंबईचा नंबर फिरवला. रिसिव्हर कानाला लावून थोडा वेळ थांबल्या, मग माझ्याकडे वळून रागाने म्हणाल्या, "तुमच्या पोस्टाचं तेव्हापासून असंच आहे. लागत नाही." पोस्ट आणि टेलिफोन वेगळे होऊन कैक वर्षं झाली, असं मी सांगणार होतो. पण खिडकीमागे असताना मीही लोकांना हेच सांगून कटवायचो.

रेडिओ शेवटी बोलला. दिवसा नुसती खरखर आणि त्यात वहिनींच्या मिक्सरचा आवाज. सूर्य बुडाल्यावर मीडियम वेव्हच्या लहरी अडवणारा आकाशातला खालचा थर विरतो आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी लांब लांब पोचतात, हे मी पाठ केलेलं होतं. पण ते खरंच घडेल असं वाटलं नव्हतं. हिरवा मॅजिक आय हळूच मिटत आला आणि एक भारदस्त आवाज पडवीत शिरला. भाषा अरबीसारखी. मी सगळ्यांना गप्प केलं. बहुतेक काहीतरी मोठी घडामोड असणार. कुवेतला बरीच वर्षं काढून आलेले शेजारचे चाचा फाटकाशीच होते, त्यांना आत बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"काय म्हणतोय?"

"सोफासेट," चाचा म्हणाले. "हप्त्याने."

आता मेस्त्रीने ट्रान्सफॉर्मर बसवलाय आणि प्लगच्या तारा सुलट केल्यात. पावसाळ्यात दमट हवेमुळे संग्रहालय बंद असतं, दिवाळीनंतर उघडतं. मालगुंडला याल तेव्हा आधी स्मारक बघून घ्या, मग आमच्याकडे या. सोलकढी आहेच. हात खुशाल लावा. फक्त कोकणातल्या घराची रीत म्हणून चपला पायरीवर काढू नका. घालूनच आत या, आणि शक्यतो रबरी.