खुसपटशास्त्री

संगणकाने एखादे काम कसे करावे हे त्याला पायरीपायरीने सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावल्या लिहिण्यात हयात घालवणारा मनुष्य जेव्हा आपल्या धंद्यातील एखादी खुबी साध्या भाषेत समजावून लोकांपुढे ठेवतो, तेव्हा बहुसंख्य वाचक ती वाचतात आणि गप्प राहतात. एक जण मात्र गप्प राहत नाही. या एका जणाला सोयीसाठी खुसपटशास्त्री म्हणता येईल. नुसते खुसपट काढणारे घरोघरी असतात आणि त्यांच्यासाठी वेगळ्या संज्ञेची गरज नाही, परंतु हा गृहस्थ आधार, कलम आणि आवृत्ती क्रमांक दिल्याशिवाय खुसपट काढत नाही, म्हणून त्याला शास्त्री ही पदवी शोभते.

त्याच्या पत्राची घडण ठरलेली असते. पहिल्या वाक्यात लेख आवडल्याचे असते, आणि ते मनापासून लिहिलेले असते हे लेखकाने ध्यानात ठेवले, तर पुढचा मजकूर थोडा सुसह्य होतो. दुसरे वाक्य ‘फक्त एक छोटीशी गोष्ट’ या शब्दांनी सुरू होते आणि त्यानंतर पत्र दोन पाने चालते. लेखकाने ‘किलोबाइट म्हणजे १००० बाइट’ असे लिहिले असेल, तर संगणकाच्या व्यवहारात तो १०२४ बाइटांचा धरतात असे कळवले जाते. १०२४ लिहिले असेल, तर आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ सालीच त्या मापासाठी ‘किबीबाइट’ हा वेगळा शब्द ठरवला असल्याचे कळवले जाते. आणि दोन्हीकडून मार नको म्हणून लेखकाने ‘सुमारे हजार’ असे लिहिले असेल, तर शास्त्रीय लेखनात ‘सुमारे’ या शब्दाला जागा नसते, अशी खंत व्यक्त केली जाते.

या स्वभावाचे मूळ पुष्कळ जण अहंकारात शोधतात, पण ते निदान उथळ आहे. खरे कारण त्याच्या नोकरीत सापडते. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून देणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात, आणि अनेक संगणकभाषांत ओळीच्या शेवटचा एक अर्धविराम राहिला, तर हा कंपायलर पुढचे सगळे काम नाकारतो. लेखकाचा हेतू काय होता, उरलेल्या हजार ओळी किती सुबक होत्या, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ज्या मनुष्याला रोज आठ तास असा वरिष्ठ लाभतो, तो संध्याकाळी दुसऱ्याचे लेखन हाती घेताना त्या वरिष्ठाचीच खुर्ची घेऊन बसतो. गंमत अशी की, अर्धविराम चाळिसाव्या ओळीत राहिलेला असताना कंपायलर पुष्कळदा एकेचाळिसाव्या ओळीला दोषी धरतो, आणि वरिष्ठाचा हाही गुण खुसपटशास्त्र्याच्या पत्रांत तंतोतंत उतरलेला आढळतो.

याच कुळातील एक शाखा चूक दाखवत नाही, नवेपणा नाकारते. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली अमेरिकेत रचायला घेतलेली लिस्प ही संगणकभाषा तिचे दैवत. एखाद्याने मोठ्या उत्साहाने लिहावे की, वापरून झालेली स्मृतीतील जागा आपोआप मोकळी करण्याची सोय जावा या भाषेमुळे १९९५ नंतर सर्वसामान्य आज्ञावलीकारांच्या हाती आली, आणि त्यावर उत्तर यावे की, ही सोय लिस्पमध्ये पहिल्यापासूनच होती. विमानापासून दूरचित्रवाणीपर्यंत सारे काही पुराणांत शोधून काढणारी मंडळी आपल्याकडे आहेत. लिस्पवाले त्यांचेच सगोत्र म्हणावेत, पण पंचाईत अशी की लिस्पवाल्यांचे म्हणणे बहुधा खरे निघते. त्यांच्या नेमके उलट टोक म्हणजे कोणत्याही लेखावर ‘हे सारे रस्ट भाषेत नव्याने का लिहीत नाही?’ एवढेच विचारणारा तरुण. त्या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ सालची असल्याने त्याचा इतिहासही तेथूनच सुरू होतो, आणि त्याच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे अद्याप काही घडलेले नाही.

खुसपटशास्त्राचा अभिजात नमुना मात्र १९८७ सालचा आहे आणि तो समजण्यासाठी १९६८ पर्यंत मागे जावे लागते. जुन्या आज्ञावल्यांत ‘गोटू’ नावाची एक सूचना सर्रास वापरली जाई. तिचा अर्थ एवढाच की, येथले काम सोडून अमुक ओळीवर उडी घ्यावी. कादंबरीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ‘आता पान ७३ वाचावे’, ‘आता पुन्हा पान १२’ असे छापले, तर वाचकाची जी अवस्था होईल, ती अशा आज्ञावलीचा माग काढणाऱ्याची होते. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने अमेरिकेतील असोसिएशन फॉर कम्प्यूटिंग मशिनरी या संस्थेच्या मासिकात मार्च १९६८ मध्ये या सूचनेविरुद्ध लिहिले. आज ते लेखन युगप्रवर्तक मानले जात असले, तरी ते छापले गेले संपादकास आलेले पत्र म्हणून, आणि ‘गोटू अपायकारक मानावी’ अशा आशयाचे तिखट शीर्षक संपादक निक्लाउस व्हिर्ट यांनी पदरचे दिले. म्हणजे या शास्त्राचा एक आद्य ग्रंथ हा स्वतःच वाचकाचा पत्रव्यवहार होता.

एकोणीस वर्षांनी, मार्च १९८७ मध्ये, फ्रँक रुबिन यांनी त्याच मासिकाला पत्र लिहून ‘“गोटू अपायकारक” हे म्हणणे अपायकारक’ असा उलटा दावा मांडला. त्यासाठी त्यांनी एक लहानसा प्रश्न घेतला: आकड्यांनी भरलेल्या एका चौकोनी कोष्टकात जिच्यात सगळी शून्येच आहेत अशी पहिली ओळ शोधायची. हे काम गोटू वापरून सुटसुटीत होते आणि ती वगळली की गुंता वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानंतर जे घडले त्याची कल्पना हे कुळ ठाऊक असणाऱ्या कोणालाही करता यावी. मे महिन्याच्या अंकात उत्तरे आली आणि संपादकांनी आणखी एक ‘अपायकारक’ जोडून, शेवटी प्रश्नचिन्ह लावून, त्यांना शीर्षक दिले. कोणी गोटूविना आपली आज्ञावली धाडली, कोणी दुसऱ्याच्या आज्ञावलीतील चूक दाखवली, आणि पुढच्या अंकांत त्या चुका दाखवणाऱ्यांच्याही चुका निघू लागल्या. कोष्टकातली शून्यांची ओळ बाजूला राहिली आणि पत्रव्यवहाराचेच कोष्टक झाले. डाइक्स्ट्रा तोवर टेक्सासात ऑस्टिन येथे प्राध्यापक झाले होते. ते आपली टिपणे क्रमांक घालून मित्रांना पाठवीत आणि मित्र त्यांच्या प्रती काढून पुढे पाठवीत. त्याच मे महिन्यातील १००९ क्रमांकाच्या टिपणाला त्यांनी ‘एका काहीशा निराशाजनक पत्रव्यवहाराविषयी’ असे नाव दिले. त्यातील ‘काहीशा’ हा शब्द सौजन्यापोटी आलेला असावा.

दुसऱ्याची चूक काढताना स्वतःची होते, या घटनेलाही नियमाचे रूप मिळालेले आहे. ऑस्ट्रेलियातील संपादक जॉन बँगसंड यांनी १९९२ साली असे मांडले की, संपादनावर किंवा मुद्रितशोधनावर टीका करणारे काहीही लिहिले, तरी त्या लिखाणात एक तरी चूक राहतेच. ‘जे बिघडू शकते ते बिघडतेच’ या प्रसिद्ध मर्फीच्या नियमाचे नाव मुद्दाम वेडेवाकडे करून त्यांनी याला मफ्रीचा नियम म्हटले. हा नियम कोठे उद्धृत केला की, नाव ‘मर्फी’ असे हवे, अशी दुरुस्ती घेऊन पहिला जो येतो, तो खुसपटशास्त्री.

अवघड विषयावर मात्र त्याची लेखणी चालत नाही, हे त्याच्या अभ्यासकाने नोंदवलेच पाहिजे. इंग्रज लेखक पार्किन्सन यांनी १९५७ सालीच दाखवून दिले होते की, अणुभट्टीचा ठराव समिती झटक्यात संमत करते आणि सायकलींच्या छपरावर मात्र पाऊण तास वाद घालते, कारण छप्पर प्रत्येकाला कळते. (मंगल कार्यालयाचे भाडे कोणी विचारत नाही, पण मठ्ठ्यात मीठ किती असावे यावर दोन्हीकडच्या मंडळींचे मत असते, हे पार्किन्सनांना ठाऊक नसूनही त्यांना नियम सापडला, हे विशेष.) लेखकाने हजारो यंत्रांना एकमताने चालवण्याची अवघड रीत विशद केली, तर पत्र येत नाही, त्याने ओळीच्या आरंभी मोकळी जागा सोडताना टॅबची कळ दाबली की चार वेळा स्पेसची, यावर मात्र रात्री दोन वाजता पत्र येते.

हा मनुष्य मराठी असेल, तर त्याला दोन शास्त्रे एकदम अवगत असतात. हिंजवडीत किंवा न्यू जर्सीत दिवसभर कंपायलरचा मार खाल्लेला हा गृहस्थ एखाद्या मराठी आज्ञावलीकाराचा लेख उघडतो, तेव्हा मजकुरातील आज्ञावलीपर्यंत पोचण्याआधीच त्याला ‘संगणक’ की ‘कॉम्प्युटर’ या वादाचा मुक्काम लागतो, आणि त्याच्याही अलीकडे ऱ्हस्वदीर्घाचे नाके असते. १९६२ च्या लेखननियमांनी काढून टाकलेल्या अनुच्चारित अनुस्वारांची कैफियत मांडणारा एखादा वयोवृद्ध शास्त्री तेथे अजून भेटतो. तथापि दोन्ही शास्त्रांचा खरा संगम अर्ध्या ‘र’वर होतो. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरीव क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत ‘दर्या’मधील रफार साध्या ‘र’ला हलन्त जोडून मिळतो, तर ‘दऱ्या’मधील आडवा र मिळवण्यासाठी खाली टिंब असलेला, निराळ्या क्रमांकाचा ‘ऱ’ वापरावा लागतो. हा भेद न पाळल्यास डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि लग्नघरच्या आचाऱ्यांना आचार्यपद मिळते. येथे खुसपटशास्त्र्याची बाजू निर्विवाद बळकट असल्याने तो फार आनंदात असतो, आणि म्हणूनच त्याचे पत्र या विषयावर सर्वांत लांब असते.

त्याची बाजू इतरत्रही अधूनमधून बळकट निघते, आणि यामुळेच त्याला टोपलीत टाकता येत नाही. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी नोंद शोधताना, शब्दकोश मधोमध उघडून शब्द अलीकडे की पलीकडे हे पाहावे आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच करावे, या रीतीला द्विभाजन शोध म्हणतात. ती शाळकरी मुलालाही कळते. परंतु तिचे पहिले प्रकाशित वर्णन १९४६ चे, आणि यादी कितीही लांबीची असली तरी न चुकणारे पहिले प्रकाशित रूप १९६० चे. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी १९८६ च्या पुस्तकात तिची एक आवृत्ती अचूक असल्याची सिद्धताही दिली. पुढे वीस वर्षांनी, २००६ साली, जोशुआ ब्लॉक यांनी दाखवले की तिच्यात आणि तिच्यावरून उतरलेल्या जावाच्या तयार आज्ञावल्यांच्या ग्रंथालयातही एक चूक स्वस्थ बसलेली आहे. मधला क्रमांक काढण्यासाठी पहिला आणि शेवटचा क्रमांक यांची बेरीज करून तिचे निम्मे करतात. यादी अतिप्रचंड असली, तर ही बेरीज संगणकाच्या पूर्णांकात मावणाऱ्या २,१४,७४,८३,६४७ या सर्वांत मोठ्या संख्येपलीकडे जाते आणि एकाएकी ऋण होते. सिद्धता गणितातल्या अमर्याद संख्यांसाठी होती. यंत्राजवळ एका पूर्णांकासाठी बत्तीसच खोकी होती. असे एक पत्र खरे ठरते म्हणून उरलेली नऊशे नव्व्याण्णव वाचावी लागतात.

ती सगळी वाचण्याचे व्रत घेतलेला लेखक एकच, स्टॅनफर्डचे डोनाल्ड कनूथ. (त्यांच्या आडनावातील पहिला ‘क’ उच्चारायचा असतो, आणि त्यांनी निर्माण केलेल्या ‘टेख’ या ग्रंथजुळणीच्या आज्ञावलीतील शेवटचे अक्षर ग्रीक असल्याने तिला ‘टेक्स’ म्हणायचे नसते, या दोन्ही गोष्टी खुसपटशास्त्री विचारल्यावाचून सांगतो.) आज्ञावलीकलेवरील त्यांच्या बृहद्ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला, आणि आपल्या ग्रंथांत चूक प्रथम दाखवणाऱ्याला २.५६ डॉलर देण्याचा त्यांचा परिपाठ आहे. ‘टेख’मधील चुकांचे इनाम तर दरवर्षी दुप्पट होत होत ३२७.६८ डॉलरवर जाऊन थांबले. विरोधक अंगावर आला, तर त्याला पाट मांडून बसवावे, दक्षिणा द्यावी आणि कामाला लावावे, ही युक्ती राजकारणात जुनी असली, तरी ग्रंथव्यवहारात ती इतक्या निर्मळ मनाने दुसऱ्या कोणी वापरल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे. स्वतः कनूथ यांनी १ जानेवारी १९९० पासून ईमेल सोडून दिला. चुकांची पत्रे कागदावर त्यांच्यापुढे येतात, ते सवडीने, कित्येक महिन्यांनीही, पेन्सिलीने उत्तरे लिहितात, आणि तोवर शास्त्री टपालाची वाट पाहत सोशीक बनतो, हा या पद्धतीचा आनुषंगिक लाभ.

मिळालेला धनादेश बँकेत भरण्याची चूक बहुतेक शास्त्री करीत नसत. ते तो चौकटीत घालून भिंतीवर लावत. परंतु धनादेशांची छायाचित्रे जगभर फिरू लागली, त्यांवरचे खातेक्रमांक चोरांच्या हाती गेले, आणि २००८ साली कनूथ यांनी खरे धनादेश बंद करून ‘बँक ऑफ सॅन सेरिफ’ची प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. सॅन सेरिफ हा देश गार्डियन या इंग्रजी दैनिकाने १ एप्रिल १९७७ रोजी वाचकांची फिरकी घेण्यासाठी निर्माण केला होता, आणि त्याच्या दोन बेटांचा नकाशा अर्धविरामाच्या आकाराचा होता. ज्या चिन्हापायी शास्त्र्याने उमर घालवली, त्याच चिन्हाच्या देशात त्याची पुंजी जमा व्हावी, यात काही न्याय आहे.

प्रमाणपत्रावरील रक्कम मात्र त्याला स्वस्थ बसू देत नाही. २.५६ डॉलर म्हणजे २५६ सेंट, आणि शून्य ते नऊ या दहा अंकांऐवजी सोळा अंक वापरणाऱ्या, संगणकवाल्यांच्या आवडत्या षोडशमान पद्धतीत २५६ ही संख्या ‘१००’ अशी लिहितात. म्हणून कनूथ तिला षोडशमान डॉलर म्हणतात आणि प्रमाणपत्रावर षोडशमानाची खूण करून ‘१.००’ छापतात. शास्त्री ते भिंतीवर लावतो, दोन दिवस पाहतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला बिंदू दिसतो. बिंदूच्या डावीकडचा एक हा दशमानात काय आणि षोडशमानात काय, एकच असतो. मग काटेकोरपणे पाहता ‘१.००’ची किंमत एका साध्या डॉलरपलीकडे जात नाही. तो त्याच रात्री प्रमाणपत्र अत्यंत आवडल्याचे पत्र लिहायला बसतो, दुसरे वाक्य ‘फक्त एक छोटीशी गोष्ट’ असे सुरू करतो, चौथ्या पानावर येणे बाकी असलेल्या रकमेचा हिशोब मांडतो, या शोधाचे २.५६ डॉलर निराळे मिळावेत अशी विनंती करतो, आणि पाकीट पेटीत पडल्यावर त्याला आठवते की बाकी १.५६ डॉलरची होती आणि आपण लिहिली ती १.६५ ची.