खटॅक

आमचे अण्णा कॅमेऱ्याच्या गळ्यात पडलेत, असं वहिनी म्हणायच्या. कॅमेरा म्हणजे २०१२ साली बाजारात आलेला कॅननचा फाइव्ह-डी मार्क थ्री. बॅटरीसकट साडेनऊशे ग्रॅम. त्याच्या तोंडाला सत्तर-दोनशेची पांढरी लेन्स, ती दीड किलो. हे बाळ पोटावर घेऊन अण्णा लग्नात शिरले की मुलीकडच्यांना ते मुलाकडचे फोटोग्राफर वाटत आणि मुलाकडच्यांना मुलीकडचे. गर्दी वाट देई. अण्णा स्टेजवर चढून नवरदेवाला "हनुवटी खाली" म्हणत आणि नवरदेव बिचारा हनुवटी खाली घेई. आहेराचं पाकीट खिशातच विसरून अण्णा पहिल्या पंगतीला जेवून येत.

मग मान धरली. डॉक्टरांनी विचारलं, "पोती उचलता का?"

महिनाभरात कॅननचाच आर-एट आला. मिररलेस. बॅटरी आणि कार्ड धरून ४६१ ग्रॅम. अण्णांनी तो वाण्याच्या काट्यावर ठेवून खात्री केली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यांनाही समजावून दिलं: जुन्यात लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर डोळ्यापर्यंत जायचा, फोटो काढताना आरसा उचलला जायचा, तो खटॅक त्याचाच, आता आरसा नाही, उजेड थेट सेन्सरवर आणि डोळ्याला इवलासा टीव्ही.

"एवढे पैसे मोजून आरसा काढून घेतला?" वहिनी म्हणाल्या.

पांढरी लेन्स विकायला जीव होईना. ती नव्याला बसवायला अ‍ॅडॉप्टर आला, ११० ग्रॅम. जुनी बॅटरी दिवसभर पुरायची, ही चहाच्या वेळेलाच मान टाके. म्हणून आणखी तीन. लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो, धूळ बसते. म्हणून लेन्स बदलायच्या वेळी घरातले पंखे बंद. मे महिन्यातसुद्धा. पाहुण्यांना वाटे, घरात कुणी गेलं की काय.

हे सगळं अण्णांनी सोसलं. सोसवेना ते वेगळंच. एका मुंजीत ते छोटी लेन्स लावून पुढे सरसावले, तर बटूचा मामा म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, फोटोग्राफरला दिसत नाहीये." त्या दिवशी अण्णा दुसऱ्या पंगतीला बसले.

त्यात पक्ष्यांचे फोटो काढताना ते बुजू नयेत म्हणून शटरचा आवाज कायमचा बंद ठेवलेला. जुना कॅमेरा वाजला की माणसं सैल पडत, पोटं पुन्हा बाहेर येत. आता फोटो निघाला तरी अख्खं कुटुंब दात काढून उभंच. "काढला का हो?" "काढला की!" "आवाज नाही आला." शेवटी अण्णांनी तोंडानेच आवाज काढायला सुरुवात केली. बटण दाबायचं आणि म्हणायचं, "खटॅक!" लोक खूश. बारशात तर बाळसुद्धा हसायला लागलं.

थंडीत आम्ही भिगवणजवळ कुंभारगावला गेलो. उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी चोची पाण्यात बुडवून चरत होते. नावाड्याने इंजिन बंद करून बांबूने नाव हळूहळू जवळ नेली. मी श्वास धरला. अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बिनआवाजाच्या कॅमेऱ्याचं चीज व्हायची हीच वेळ.

"खटॅक!" अण्णा म्हणाले.

सगळा थवा उडाला. गुलाबी पंख लांब जाईपर्यंत नावेत कुणी बोललं नाही. मग नावाड्याने बांबू पाण्यात रोवला.

"काका, पुढच्या थव्यापाशी नेतो. पण तिथं तोंडाला रुमाल बांधा."