नव्वद दिवसांची मुदत

लिनक्सवर ‘चेज’ नावाची एक कमांड आहे. माउस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि कुणाच्या पासवर्डचं किती आयुष्य उरलंय ते पाहायचं. ‘वजा एल’ लावून नाव दिलं की अख्खी कुंडली समोर येते. पासवर्ड शेवटचा कधी बदलला, कधी सरणार, खातं कधी बंद होणार, इशारा किती दिवस आधी द्यायचा. मी भाटघरला राहतो आणि भोरच्या एका पतसंस्थेचा सर्व्हर घरबसल्या सांभाळतो. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, सगळे जण सर्व्हरवरच लॉगिन करणारे. त्यामुळे संस्थेतल्या सगळ्यांच्या कुंडल्या माझ्याकडे असतात. लग्नं जुळवत नाही, एवढंच.

हा हिशेब ‘शॅडो’ नावाच्या फाइलीत असतो. माणसागणिक एक ओळ, आणि ओळीला कोलनने पाडलेले नऊ कप्पे. पासवर्ड तिथे नसतोच, त्याचा ओळखू न येणारा चुरा असतो. तारीखही तारखेसारखी नसते. 1 जानेवारी 1970 पासून किती दिवस उलटले, तेवढा नुसता आकडा. ना तिथी, ना वार. 3 ऑक्टोबर 2024 ला घट बसले, त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. दुसऱ्या दिवशी दुसरी माळ, आणि शॅडो फाइलीच्या हिशेबाने तो दिवस बरोब्बर 20000 वा. इतका गोल आकडा, पण पेढे कुणी वाटले नाहीत. या फाइलीचा दिवस पालटतो तोही ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. भाटघरात तोवर धारा काढून झालेल्या असतात.

मुदतीचा आकडा कुणी मुद्दाम घातला नसेल, तर तिथे सहसा 99999 दिवस सापडतात. वर्षांत मांडलं तर 273 च्या वर. भोर संस्थान 1697 पासून 1948 ला विलीन होईपर्यंत चाललं, म्हणजे अडीचशे वर्षं. पंतसचिवांच्या साऱ्या पिढ्या मावून वर वीस-बावीस वर्षं उरतील, इतका मोठा वायदा लिनक्स एका क्लार्कच्या पासवर्डला देतं. मला तो मोठेपणा आवडतो. ऑडिटरला आवडला नाही. त्यांच्या यादीत ‘दर 90 दिवसांनी बदल’ असं एक कलम होतं आणि त्यापुढे बरोबरची खूण हवी होती. मग मीही ‘चेज’ला मोठा एम लावला, 90 घातले, नाव घातलं, एंटर मारला. इशाऱ्याचे सात दिवस ठेवले.

पुढे जे झालं ते सुरक्षेपेक्षा भूगोलाच्या जास्त जवळचं होतं. एकाने पासवर्डला राजगड धरला, मग तोरणा, मग रोहिडा. आसपासचे किल्ले संपले की तो रायगडाकडे वळणार हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. पिग्मी गोळा करणाऱ्या दादांनी ‘वेल्हे’ला आकडा जोडला आणि दर तिमाहीला तो एकाने वाढवत नेला. 2024 मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय झाला, पण दादांचं वेल्हे तसंच पुढे चालू राहिलं. महसूल खात्याचं दादांना मान्य असतं. पासवर्डाच्या बाबतीत ते स्वतंत्र आहेत.

कॅशियरताईंची तऱ्हा निराळी. जुने पाच पासवर्ड पुन्हा चालत नाहीत हे कळल्यावर एका सकाळी चहा येईपर्यंत त्यांनी सहा वेळा पासवर्ड बदलला आणि मुक्कामाला स्वतःच्या जुन्या पासवर्डवर परत आल्या. नियम एकही मोडला नव्हता. अशांसाठीच ‘चेज’चा छोटा एम आहे: एकदा बदलला की इतके दिवस पुन्हा हात लावायचा नाही. मी एक दिवस घातला. ताईंनी तेच काम सहा दिवसांत केलं.

यात सगळ्यात निरपराध बळी गेला तो बॅकअपचा. रात्री दोनला आपोआप प्रत काढणारं एक खातं होतं. ते माणूस नव्हे, त्यामुळे इशारा वाचत नाही आणि कुणाला फोनही करत नाही. उत्साहाच्या भरात मी सरसकट सगळ्या खात्यांना मुदत लावली होती, त्यात तेही आलं. मुदत संपली तशी क्रॉनने त्याला दारातच अडवलं: तुमचा परवाना जुना झाला, नवा आणा. दोन वाजता नवा आणणार कोण? अशा खात्याला मोठ्या एमपुढे वजा एक द्यायचं असतं, म्हणजे मुदतच नाही.

गंमत अशी की, हे फेऱ्यांचं शास्त्र ज्यांनी रूढ केलं त्यांनीच ते मागे घेतलंय. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी 2003 मध्ये नियम लिहिले: चित्रविचित्र चिन्हं घाला, ठरावीक काळाने बदला. निवृत्त झालेल्या याच बरसाहेबांनी 2017 मध्ये वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पस्तावा होतो. त्याच वर्षी संस्थेनेही नव्या नियमावलीत म्हटलं, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर बदलायला लावा, उगाच मुदत घालू नका. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून मुदत काढून टाकली. भोरच्या यादीपर्यंत ही बातमी यायची आहे.

भाटघरच्या माणसाला हे कळायला अमेरिका लागत नाही. वेळवंडीवरच्या आमच्या या धरणाला 45 स्वयंचलित दरवाजे आहेत. 1920 च्या दशकातलं हे काम, अजून चालतं. पाणी ठरल्या पातळीला टेकलं की दरवाजे उघडतात, मग तारीख कोणती का असेना. दर नव्वद दिवसांनी उघडावेत असा आदेश निघाला असता, तर एक पाळी नेमकी उन्हाळ्यात आली असती, पाणी हटून कांबरेश्वराचं देऊळ कोरडं उभं असताना. ‘चेज’लाही हे जमतं. कॅल्क्युलेटरच्या पाठीवर चिकटवलेला पासवर्ड दिसला की मी त्या नावापुढे ‘वजा डी शून्य’ देतो. पुढच्या लॉगिनला नवा घातल्याशिवाय आत सोडत नाही. त्यासाठी तिमाही भरायची वाट पाहावी लागत नाही.

मुदत लावावी ती खात्याला, माणूस संस्था सोडून जातो तेव्हा. त्याला मोठा ई. इथे मात्र आपल्याकडे फार सोय आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राचा जन्म 1 जूनला करून ठेवलाय, त्यामुळे निवृत्त्याही झुंडीने 31 मेला होतात. यंदा आमच्या नानांचा नंबर. मी फोनवर विचारलं, ‘‘नाना, 31 तारखेला बंद करू का खातं?’’

‘‘छे! त्या दिवशी रोकड जुळवायचीय मला. संध्याकाळपर्यंत ठेवा.’’

‘चेज’चं पुस्तक सांगतं, जी तारीख द्याल त्या दिवसापासून खातं बंद. म्हटलं, ‘‘मग 1 जून टाकतो.’’

‘‘म्हणजे माझ्या वाढदिवसालाच?’’

‘‘हो, नाना.’’

‘‘टाका की. माझा खरा पोळ्याचा आहे.’’