इथला काही अनुभव?

कॅनडाला माणसं हवी असतात आणि कॅनडा ती पारखून घेतो. १९६७ पासून तिथे गुणपद्धत आहे. वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव, सगळ्याला गुण. २०१५ साली ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ आली आणि परीक्षा एकूण १२०० गुणांची झाली. तिशीपासून वयाचे गुण घसरायला लागतात आणि पंचेचाळिशीला शून्यावर येतात. म्हणजे आपल्या कामातलं थोडंफार कळायला लागलं, की माणूस बाद.

आमच्या भाचेजावयांनी वेळीच हालचाल केली. पुण्यात चौदा वर्षं स्ट्रक्चरल इंजिनिअर, नावावर बरेच पूल, त्यातला एकही पडलेला नाही. आयईएलटीएससाठी घरात चहासुद्धा इंग्रजीत मागू लागले. विद्यापीठात खेटे घालून गुणपत्रकं सीलबंद पाकिटात घेतली. पाकिटाच्या जोडावर शिक्का हवा, तो तिरका पडला म्हणून पुन्हा एक खेटा. शेवटी तिकडच्या मूल्यमापन संस्थेचा निर्वाळा आला, की तुमची बी.ई. कॅनडातल्या पदवीच्या तोडीची आहे. भाचीने पेढे वाटले. अनुभवाचेही गुण मिळाले होते, ते वेगळेच.

टोरांटोच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी मेतकूट सोडलं, लोणचं सोडलं. चौदा वर्षांचा अनुभव मात्र तिथेच जप्त झाला असावा, कारण त्यानंतर तो कोणाच्याच नजरेस पडला नाही. ज्या सरकारने त्याला गुण दिले, त्याच सरकारच्या देशात प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न, तोही अत्यंत सौजन्याने: “इथला काही अनुभव?”

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे आपल्याकडे म्हणीपुरतंच राहिलं. ऑन्टारिओत त्याचा नियम केला होता. इंजिनिअरचा परवाना हवा तर ४८ महिन्यांचा अनुभव दाखवा आणि त्यातले किमान १२ महिने कॅनडातले, तेही परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखालचे. पुण्यातलं गुरुत्वाकर्षण ऑन्टारिओत चालेल की नाही, याची खात्री करून घ्यायला वर्षभर तरी हवंच. मे २०२३ मध्ये तिथल्या इंजिनिअरांच्या परवाना मंडळाने ही अट काढून टाकली. भाचेजावई त्याच्या बरेच आधी पोचले होते. घाई नडली.

नवागतांना मदत करायची कळकळ तिथे भरपूर आहे, तिच्याबद्दल आम्हाला आदर आहे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका केंद्रात भाचेजावयांचा रेझ्युमे दुरुस्त झाला. शिकवणाऱ्या बाई प्रेमळ. त्यांनी आधी फोटो काढला, मग जन्मतारीख, वडिलांचं नाव, ‘विवाहित’. हे आम्हालाही पटलं. नंतर पेन पुलांवर आलं. “पूल फार आहेत,” बाई म्हणाल्या, “दोन ठेवू या.” मग एम.टेक. गेलं, नाही तर तुम्ही जास्त शिकलेले वाटाल. आडनावात जोडाक्षर आहे, फोनवर बोलणाऱ्याला जड जातं, त्याचंही काही करता येईल का, असं त्यांनी अगदी संकोचून विचारलं. चार पानांचा एक कागद झाला. त्यावरचा गृहस्थ इंजिनिअर आहे की नाही ते कळत नव्हतं, पण तो ‘टीम प्लेअर’ होता आणि दडपणाखाली उत्तम काम करत होता. दडपणाचं खरंच होतं, घरभाडं थकलं होतं.

जोडाक्षराबद्दल बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. टोरांटो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपुलोस यांनी हजारो बनावट अर्ज मालकांना पाठवून पाहिलं होतं. २०११ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही अर्जांत शिक्षण कॅनडातलं, अनुभव कॅनडातला, बदललं ते फक्त नाव. इंग्रजी वळणाच्या नावाला भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नावापेक्षा साधारण ३५ ते ४० टक्के जास्त बोलावणी आली. कारण विचारलं तर उत्तर मिळालं की भाषा जमेल की नाही, शंका वाटते. भाचीचा मुलगा तिकडेच शाळेत जातो, मराठीसुद्धा कॅनडियन उच्चारात बोलतो. आडनाव बापाचंच आहे.

मधल्या काळात भाचेजावई ब्रॅम्प्टनच्या एका गोदामात रात्रपाळीला खोकी उचलत होते. याला तिथे ‘सर्व्हायव्हल जॉब’ म्हणतात. तिथे ‘इथला काही अनुभव?’ असं कोणी विचारलं नाही. पाठ धड आहे ना, एवढंच पाहिलं. टॅक्सीचंही तसंच. कॅनडा सरकारनेच २००६च्या जनगणनेवरून टॅक्सीचालकांचा अभ्यास करवून घेतला. सुमारे ५० हजार चालकांत अडीचशेच्या आसपास डॉक्टर किंवा पीएचडी निघाले आणि त्यातले बहुतेक बाहेरून आलेले. आणि साठ लाखांच्या आसपास कॅनडियन प्रौढांना फॅमिली डॉक्टर नाही. तेव्हा छातीत कळ आली तर आधी टॅक्सी बोलवावी, असा आमचा तिकडच्या नातेवाइकांना सल्ला आहे. फक्त चालकाने नाडी पाहू नये, परवाना नाही.

निर्वासितांची एक गोष्ट मात्र सगळे कौतुकाने सांगतात, आणि ती आहेच तशी. दमास्कसमध्ये इसाम हदहद यांचा चॉकलेटचा कारखाना होता. २०१२ साली बॉम्बहल्ल्यात तो गेला. कुटुंब लेबनॉनमार्गे नोव्हा स्कोशियातल्या अँटिगोनिश नावाच्या चिमुकल्या गावात आलं. गावकऱ्यांच्याच एका गटाने त्यांना प्रायोजक होऊन आणलं होतं. इसामना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी चॉकलेट करून गावजेवणाला नेलं, लोकांनी खाल्लं आणि पुन्हा मागितलं. मग गावातले सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन जमले आणि घराशेजारी एक शेड उभी राहिली. ‘पीस बाय चॉकलेट’ सुरू झालं. २०१६च्या सप्टेंबरात तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी संयुक्त राष्ट्रांत या कुटुंबाचं नाव घेतलं.

अँटिगोनिशकरांनी नेमकं काय केलं? रेझ्युमे मागितला नाही, आधी चव घेतली. पण चॉकलेट करणाऱ्याला डॉक्टर-इंजिनिअरसारखा परवाना लागत नाही, हेही या गोष्टीत आहे आणि ते भाषणात येत नाही. इसाम दंतवैद्य असते, तर गावजेवणाला काय नेणार होते? त्यांचा मुलगा तारेक दमास्कसला डॉक्टरकी शिकत होता. तो आता कंपनीचा सीईओ आहे. चॉकलेटवाल्यांना एक चांगला सीईओ मिळाला, आनंद आहे. फॅमिली डॉक्टरच्या रांगेतल्यांनी पेटी मागवावी.

आपल्याकडे फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले. १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. त्यांना ‘महाराष्ट्रातला अनुभव’ कोणी विचारला नाही, कारण द्यायला नोकऱ्या होत्याच कुठे? मग त्यांनी जे काही बनवलं, त्यावर आपण पिढ्यानपिढ्या ‘यूएसए’चे, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चे, विनोद केले आणि माल मात्र घेत राहिलो.

भाचेजावयांचं पुढे बरं झालं. टोरांटोत २००३ साली स्थापन झालेली एक परिषद परदेशी शिकलेल्यांना त्यांच्याच क्षेत्रातल्या स्थानिक माणसाशी जोडून देते. अशाच एका योजनेतून त्यांना एक निवृत्तीला टेकलेले इंजिनिअर भेटले. त्यांनी कापलेले पूल परत मागवले, रेखाटनं बघितली, दोन अवघड प्रश्न विचारले आणि एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. एवढंच. पुढच्या महिन्यात नोकरी. वशिल्याला कंटाळून जो माणूस पुण्यातून निघाला, त्याचं काम तिकडे एका फोनवर झालं. फरक इतकाच, की फोन करणाऱ्याने आधी ड्रॉइंग वाचलं होतं. ही योजना स्वस्त आहे, तिला सभागृह लागत नाही, बॅनर लागत नाही, दुपारचं जेवणही लागत नाही. ती फार पसरत नाही याचं आम्हाला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

कायदाही आता पाठीशी आहे. ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ सालीच सांगून ठेवलं होतं, की कॅनडियन अनुभवाचा सरसकट आग्रह हा सकृद्दर्शनी भेदभाव आहे. मालकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. आणि १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ऑन्टारिओतल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत ती अट घालायला बंदी आहे. ज्यांच्याकडे बरोबर २५ आहेत, त्यांनी काय करायचं ते आम्ही सांगायची गरज नाही. बाकीच्यांची अडचण होऊ नये म्हणून जाहिरातीचा मसुदा आम्हीच करून दिला आहे, मानधन कॅनडियन डॉलरमध्ये चालेल: “इंजिनिअर पाहिजे. अनुभव जगातला कुठलाही चालेल. किमान पाच हिवाळे ऑन्टारिओत काढलेले असावेत. स्वतःच्या दारातला बर्फ स्वतःच्या फावड्याने उपसल्याचं शेजाऱ्याचं पत्र जोडणाऱ्यास प्राधान्य. शेजारी परवानाधारक असावा.”