ओसाड गावची पाटीलकी

छत्रपती संभाजीनगरातून दर एप्रिलात अमेरिकेला निघणारी जोडपी पुष्कळ असतात, पण साचा एकच. काका पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त, काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून. सिडकोत एन-सहाला नाहीतर एन-आठला घर, गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या, अंगणात जमिनीखाली तिसरी, आणि मुलगा फिनिक्सला. "इथला उन्हाळा आता सोसत नाही," असं सगळ्या गल्लीला सांगून हे दोघं ॲरिझोनाच्या वाळवंटात जाऊन उतरतात.

पहिला आठवडा नळ सोडून बघण्यात जातो. पाणी येतं, रोज येतं, मध्यरात्रीही येतं. काका गप्प बसणारे नव्हेत. ते मुलाला घेऊन कालवा बघून येतात. कोलोरॅडो नदीचं पाणी हवासू तलावातून उपसून फिनिक्स आणि पुढं टूसॉनच्या बाजूला नेणारा तो कालवा ५४० किलोमीटर लांब आहे, हे कळल्यावर त्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नाही. "आपलं पैठण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर," एवढंच ते अधूनमधून म्हणतात. कुणी काही विचारलेलं नसतं.

दुसऱ्या आठवड्यात मुलगा ग्रँड कॅन्यनच्या पॅकेज टूरचं नाव काढतो. काका नकार देतात. तो पाण्यानं कोरलाय, वेरूळचं कैलास माणसांनी वरून खाली कोरलंय; बघायचं कशासाठी? त्यांच्या मनात वेगळंच असतं. वाळवंटातली जुनी रेल्वेची आणि खाणींची गावं. आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना त्यांनी निघण्यापूर्वीच लॅमिनेट करून आणलेला असतो. म्हणजे बेत घरूनच शिजला होता, हे काकूंना तेव्हा कळतं.

भाड्याची गाडी दारात येते. एमएच-२० पासिंगच्या गाड्यांवर तयार झालेला हात, पण इथं स्टिअरिंग डावीकडं आणि इंडिकेटरची दांडीही उलट्या बाजूला. त्यामुळं पहिल्या दिवशी ॲरिझोनाच्या कोरड्याठाक उन्हात गाडीचे वायपर सुरू झाले, की समजायचं काका वळताहेत. महामार्गावर ताशी ७५ मैलांची मर्यादा. काका लगेच १२० किलोमीटर असा हिशेब करून "समृद्धीइतकीच" असा निर्वाळा देतात. मग येते स्टॉपची पाटी. चारी दिशांना चिटपाखरू नसतं, तरी काका गाडी पूर्ण थांबवतात.

"अहो, कामून थांबलात?"

"कायदा आहे."

"क्रांती चौकात कुठं जातो हा कायदा?"

पहिला मुक्काम जेरोम. डोंगराच्या उतारावर लटकलेलं तांब्याचं गाव. १९२०च्या दशकात इथं पंधरा हजारांच्या आसपास वस्ती होती. १९५३ साली खाण बंद पडली आणि मागं शंभरही माणसं उरली नाहीत. खाणीतल्या सुरुंगांनी डोंगर इतका सैल झाला की गावचा तुरुंगच सत्तरेक मीटर खाली घसरला. तो आता पर्यटकांना दाखवतात. काकांचा पहिला प्रश्न: "कंत्राटदार कोण होता?" काकूंना वेगळीच काळजी. तुरुंगच पळून गेल्यावर कैद्यांनी शिस्त कुणाकडून शिकायची?

कंत्राटदाराचं नाव मिळत नाही, पण मालकाचं मिळतं. विल्यम अँड्रयूज क्लार्क. मोंटानाचा तांबेसम्राट, जेरोमची मोठी खाण त्याचीच. आमदारांना पैसे वाटून सेनेटवर निवडून आल्याचा ठपका आला म्हणून १९०० साली त्यानं जागा सोडली आणि १९०१ साली तो पुन्हा निवडून येऊन त्याच सभागृहात जाऊन बसला. काका हे दोनदा वाचतात. इतक्या लांब येऊन पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलतो. "अगं, हा तर आपल्याकडचा माणूस."

किंगमन हे गाव रेल्वेचं. नावसुद्धा रेल्वेमार्गाची आखणी करणाऱ्या लुईस किंगमनचं. इथं काकांचं खातं दुखावलं जातं. "आम्ही एवढे कालवे आखले. एखाद्या चारीला तरी डेप्युटी इंजिनिअरचं नाव दिलंय का कुणी?" गावच्या बागेत सांता फे कंपनीचं ३७५९ क्रमांकाचं प्रचंड वाफेचं इंजिन उभं आहे. त्याच्याभोवती फिरताना काकांची मीटरगेज सुरू होते. मनमाड ते काचीगुडा, निजामाच्या काळातली लाईन, खिडकीत बसलं की डोळ्यात कोळशाचा कण, आणि मग नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं तेव्हा गावात काय थाट होता. काकू हे सगळं लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासापासून ऐकत आल्यात. त्या बाकावर बसून शेंगदाण्याची चटणी सांडली तर नाही ना, हे पिशवी उघडून बघतात.

किंगमनहून ओटमनला जाणारा रूट ६६चा जुना रस्ता सिटग्रीव्हज खिंडीतून वळणं घेत जातो. पूर्वी इथं बाहेरचे ड्रायव्हर घाबरून गाडी स्थानिक माणसाच्या हाती द्यायचे. काकांनी कन्नडच्या औट्रम घाटात, पावसाळ्यात, पुढं उसाचा ट्रक आणि मागं एसटी असताना गाडी चालवलेली आहे. त्यांना इथं संरक्षक कठडा नाही एवढीच तक्रार सुचते. ओटमनच्या रस्त्यावर मात्र गाढवं आडवी येतात. सोन्याच्या खाणी मिटल्यावर खाणवाल्यांनी सोडून दिलेल्या गाढवांची ही पिलावळ. आता तीच गावाची कमाई. एक गाढव काकूंच्या खिडकीतून मान आत घालतं. "मढीच्या बाजारात याचे बरे पैसे आले असते," काकू म्हणतात आणि काच वर घेतात. धपाट्यांच्या डब्याला मात्र त्या हात लावू देत नाहीत.

मोहावेच्या वाळवंटात केल्सो नावाचं स्टेशन लागतं. १९२४ साली बांधलेली देखणी इमारत, भोवती झाडं, आणि गाव जवळपास नाहीच. पुढच्या चढावर मालगाड्यांना मागून जोर द्यायला जादा इंजिनं लागत, आणि वाफेच्या इंजिनाला पाणी. दोन्हींची सोय इथं होती म्हणून गाव वसलं. डिझेल आलं, गाव उठलं. लाईन मात्र चालू आहे. एक मालगाडी येते, एकावर एक कंटेनर रचलेली. काका डबे मोजायला लागतात, शंभराच्या पुढं कुठंतरी चुकतात, पुन्हा मोजायला गाडी संपलेली नसतेच. ही लाईन टाकली कुणी, म्हणून ते माहिती काढतात. सिनेटर क्लार्क.

"खाणही त्याची, रेल्वेही त्याची," काका म्हणतात. "कॉलेज नाही का काढलं?"

डेथ व्हॅलीत मे महिन्याच्या दुपारी पोचायचं, ही कल्पनाही काकांचीच. १० जुलै १९१३ रोजी इथं ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जगातला उच्चांक म्हणून हाच आकडा सांगतात. लोक थर्मामीटरच्या आकड्याजवळ उभं राहून फोटो काढतात. काका फोटो काढतात आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात: "आपल्याकडं परभणीला असतंच की." परभणीचे मेव्हणे तत्काळ दुजोरा देतात. गाडीच्या सावलीत, फॉइलमधली धपाटी आणि ठेचा यांचं जेवण होतं. ठेचा खाऊन काकांना घाम येतो आणि वाऱ्यानं तो लगेच वाळतोही. या व्यवस्थेवर ते खूश असतात.

तिथंच हार्मनी बोरॅक्स वर्क्सचे अवशेष आहेत. १८८३ ते १८८८ एवढाच काळ चाललेला कारखाना. चिनी मजूर त्या उन्हात जमिनीवरचा क्षार खरवडून काढत आणि अठरा खेचरं, दोन घोडे अशा वीस जनावरांच्या गाड्या तो माल २६५ किलोमीटरवरच्या मोहावे स्टेशनला नेत. काकूंना बोरॅक्स माहीत असतो. झुरळांसाठी आणि मुलांच्या कॅरमसाठी बोरिक पावडर त्यांनी जन्मभर आणली आहे. पण त्या पाटीपाशी जास्त वेळ थांबतात ते मजुरांसाठी. बीडच्या बाजूला नोकरी झालेल्या त्या. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या भरायच्या आणि वर्गातले अर्धे बाक रिकामे व्हायचे. "पोरंबाळं होती का यांच्याबरोबर?" त्या विचारतात. पाटीवर तेवढं लिहिलेलं नसतं.

मग ऱ्हायोलाइट. नेवाडातलं हे गाव १९०४ साली सोनं सापडलं म्हणून उगवलं. दोन-तीन वर्षांत वीज, शेअर बाजार, तीन मजली बँक आणि एक नव्हे, तीन रेल्वे कंपन्या. १९०७च्या मंदीनं कंबर मोडली, १९११ साली मोठी खाण बंद झाली, १९१६ साली वीज तोडली आणि १९२०पर्यंत गावात बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली. लाकूड महाग म्हणून एका खाणवाल्यानं दारूच्या हजारो बाटल्या मातीत रचून घर बांधलं. ते अजून उभं आहे. बँकेच्या मात्र भिंतीच. काकांना त्यातून काय शिकायचं ते कळत नाही, पण बाटल्यांचा दर्जा ते मान्य करतात.

तीन रेल्वेंचा आकडा त्यांना जास्त लागतो. "सहा-सात वर्षांच्या गावाला तीन लाईनी! आणि आम्ही मराठवाड्यात दुहेरीकरणासाठी निवेदनं देतोय." त्यांतली एक लाईन लास वेगासहून येणारी होती. तिचा मालक कोण, हे काका आता विचारत नाहीत. नुसतं काकूंकडं बघतात. काकू म्हणतात, "क्लार्कच ना?"

काकूंचं ऱ्हायोलाइट वेगळं. काँक्रीटची दुमजली शाळा १९०९ साली बांधून झाली, तेव्हा मुलं गाव सोडून निघालेली होती. त्या शाळेचे वर्ग कधी भरलेच नाहीत. "पट नाही तिथं इमारत, आणि पट आहे तिथं झाडाखाली," असं म्हणून त्या बिनछपराच्या वर्गात जातात, खडूफळा कुठं असेल त्याचा अंदाज घेतात आणि खिडक्या पूर्वेला हव्या होत्या असा शेरा मारतात.

इकडं बँकेच्या भिंतीसमोर काका उभे. गाव कुठं चुकलं, पाणी किती लांबून आणावं लागलं असेल, पाया कसा हवा होता, हे हातवारे करून चाललेलं. एक अमेरिकन वृद्ध जोडपं त्यांना तिथला वाटाड्या समजून शेजारी येऊन थांबतं. काका ओसाड गावची ही पाटीलकी विनासंकोच स्वीकारतात. ऱ्हायोलाइट पाच मिनिटांत संपतं. मग दौलताबाद सुरू होतं. १३२७ साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून आमच्या गावाजवळ हलवली, लोकांना चालत आणलं, आणि काही वर्षांत परत नेलं. तिथं सोनं सापडलं होतं का, असं तो अमेरिकन माणूस विचारतो. सोनं नव्हतं, सुलतानाच्या मनात आलं होतं, असं काका सांगतात. पाहुणे अवाक होऊन बक्षिसी म्हणून पाच डॉलर पुढं करतात. काका घेत नाहीत. काकू गाडीत बसल्यावर विचारतात, "कामून नाही घेतले?"

शेवटचा टप्पा लास वेगास. मुलानं दोघांना जुगाराबद्दल फोनवर बजावलेलं असतं, पण काकांचं लक्ष मशीनकडं नसतं. ते फ्रीमाँट स्ट्रीटवर जुनं स्टेशन कुठं होतं ते शोधतात. तिथं आता हॉटेल उभं आहे. १५ मे १९०५ रोजी क्लार्कच्या रेल्वे कंपनीनं इथल्या वाळवंटात चौकोनी प्लॉट पाडले आणि लिलावानं विकायला काढले. शहर झालं ते असं. ज्या जिल्ह्यात हे येतं त्याचं नावही क्लार्कच.

काका रस्त्याच्या मधोमध थांबतात. "म्हणजे ही सिडकोच झाली की!"

डोक्यावर छतभर दिवे पळत असतात, कुणीतरी तारेला लोंबकळत किंचाळत जातं, आणि काकांचं एकच: क्लार्कनं प्लॉट लीजवर दिले की फ्रीहोल्ड? सिडकोतल्या घराची लीजची कागदं त्यांनी इतकी वर्षं सांभाळलीत, अर्ज केलेत, खेटे घातलेत. शेवटी एका दुकानातला मुलगा, अर्थात तेलुगू, फोनवर शोधून सांगतो की लिलावात जमीन सरळ विकली होती. मालकी हक्कानं.

काका तिथंच कठड्याला टेकून कॉलनीच्या ग्रुपवर लिहितात: "लास वेगास. प्लॉट १९०५चे. सर्व फ्रीहोल्ड. आपल्या प्रकरणाचं काय झालं?" भारतात तेव्हा सकाळ असते. पाच अंगठे येतात, दोन गुलाबाची फुलं येतात, आणि वेगासच्या ऑफिसात कुणाची ओळख निघते का, असं सचिव विचारतात.