तहकूब गाव

ग्रामसभा म्हणजे मतदार यादीतलं अख्खं गाव, असं 1992 ची 73वी घटनादुरुस्ती मानते. महाराष्ट्राचा नियम मात्र माणसं ओळखून आहे. 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतला कमी असेल तो आकडा जमला की गणपूर्ती झाली. तेवढेही फिरकले नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! एकदा गाव आलं नाही, की पुढच्या खेपेला त्याची गरजही उरत नाही.

मग सतरंजीवर कोण? पारावरून उठवून आणलेले चार म्हातारे, दोन्ही गटांची राखीव पोरं आणि गटाराचा ठेकेदार. हा गृहस्थ सभा कधी चुकवत नाही. ग्रामसभेआधीची महिला सभा तर वहीतच भरते. शिपाई दारोदार हिंडतो, भाकरी थापणारी बाई पिठाच्या हातानेच सही करते. विषय काय होता, हे तिला विचारू नये, शिपायालाही नाही. निम्म्या जागा बायकांना मिळाल्या हे खरं, पण सरपंचबाईंच्या शेजारच्या खुर्चीत 'साहेब' बसतात आणि माइक त्यांच्याच हाती असतो.

नळाचं काय झालं, असं एखाद्या पोराने विचारलंच तर त्याला 'आयत्या वेळच्या विषयांत घेऊ' म्हणून खाली बसवतात. तोवर चहा येतो. ग्रामसेवक लिहून टाकतो : सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. सूचक-अनुमोदकांची नावं त्याने सकाळीच भरलेली असतात.